शेवटच्या दोन डिग्री

इग्निशन टायमिंगचा, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी टाकायची याचा, विषय निघाला की गप्पा हमखास पिकअपवर येतात. जरा ॲडव्हान्स केलं, म्हणजे ठिणगी लवकर टाकली, की गाडी कशी मोकळी पळायला लागते, रिटार्ड झालं, म्हणजे ठिणगी उशिरा पडली, की कशी ओढून ओढून चालते, ॲव्हरेज किती वाढलं, चढावर तिसऱ्यात खेचते की दुसरा टाकावा लागतो. मला या गप्पा मनापासून आवडतात, समोर ऐकणारा असेल तर रात्र काढेन. पण अलीकडे त्यात एक गोष्ट सारखी टोचत राहते. टायमिंग हलवल्यावर जे जे आपल्याला जाणवतं ते सगळं गाडी चालवणाऱ्याच्या वाट्याचं असतं आणि सायलेन्सरच्या मागे जो फरक पडतो तो दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा धड वासही येत नाही. काळा धूर दिसतो, कच्च्या पेट्रोलचा वास येतो, हे खरं, पण तो बहुतेक वेळा मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा, दोष असतो. टायमिंग पुढे घेतल्यावर जो वायू सगळ्यात जास्त वाढतो, नायट्रिक ऑक्साइड, त्याला रंगच नाही. म्हणजे कानाने आणि अंदाजाने ट्यूनिंग करणारा माणूस, आणि आपल्यातले बरेच जण तसेच, जे जाणवतं त्यासाठी ट्यून करतो आणि जे जाणवत नाही ते हवेवर सोडून देतो.

मुळात ठिणगी लवकर का टाकायची, इथून सुरुवात करतो. सिलिंडरमध्ये स्फोट होतो असं आपण बोलताना म्हणतो पण तिथे होतं ते जळणं, भराभर असलं तरी टप्प्याटप्प्याने होणारं. प्लगच्या दोन टोकांमध्ये ठिणगी पडते, तिथे ज्वाळेचा एक इवलासा गोळा तयार होतो आणि पहिला काही वेळ तर प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरलाही काही घडतंय असं वाटत नाही. मग ती ज्वाळा पसरत पसरत सगळं मिक्श्चर जाळत जाते. या सगळ्याला मिलिसेकंदांचा हिशोब आहे, आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, काही तेवढा वेळ थांबत नाही. टायमिंगच्या डिग्री मोजतात त्या याच्याच फिरण्याच्या. हजार आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ डिग्री फिरतो, सहा हजारला त्याच एका मिलिसेकंदात ३६ डिग्री. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते आणि आरपीएम वाढेल तशी आणखी आधी. पण एक बरं आहे, आरपीएम वाढला की आत येणाऱ्या हवेचा घुसळाही वाढतो आणि ज्वाळा जास्त वेगाने पसरते, नाहीतर सहा हजारला इंजिन चाललंच नसतं, जळणं पूर्ण व्हायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला असता.

सायकलचं पेडल बरोबर वर असताना त्यावर कितीही जोर दिला तरी सायकल हलत नाही, पेडल जरा पुढे गेलं की मग जोर लागू पडतो. पिस्टनचंही तेच. जळण्याचं प्रेशर टॉपवरच, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाच, सगळ्यात जास्त झालं तर तो जोर बेअरिंगवर जातो, क्रँक फिरवण्यात नाही. बहुतेक पेट्रोल इंजिनांमध्ये सगळ्यात जास्त प्रेशर टॉपच्या पुढे साधारण १२ ते १६ डिग्रीवर आलं की टॉर्क उत्तम मिळतो. ठिणगी कधी टाकायची ते यावरून उलटं मोजत यायचं. फुल थ्रॉटलला सिलिंडर गच्च भरलेला असतो, मिक्श्चर दाट असतं, ते लवकर जळतं, तिथे पंचवीस-तीस डिग्री पुरतात. थ्रॉटल थोडाच उघडा असेल तर आत मिक्श्चर कमी, मागच्या फेरीचा जळका वायू जास्त, सगळं सावकाश जळतं, तिथे चाळीसच्या वरही जावं लागतं. जुन्या डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागावर, ती गोल डबी असते ना, व्हॅक्युम ॲडव्हान्सची, ती याच कामाची. आणि आतली वजनं आणि स्प्रिंग आरपीएमचं काम बघायची. दोन स्प्रिंग, दोन वजनं आणि एक रबरी पडदा एवढ्यावर कित्येक वर्षं जगातल्या गाड्या चालल्या, मला त्या जोडणीबद्दल आजही प्रचंड आदर आहे.

आता मुद्द्याचं. इंजिन डायनोवर, म्हणजे टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर, लावून एका ठराविक आरपीएमला आणि लोडला ठिणगी एकेक डिग्री पुढे घेत गेलात तर टॉर्क वाढत जातो, मग वाढायचा थांबतो, मग उतरायला लागतो. या ग्राफचा माथा टोकदार नसतो, चांगला पसरट असतो. माथ्यापासून पाच डिग्री मागे आलात तर टॉर्क साधारण एक-दोन टक्के जातो, इंजिनागणिक थोडं इकडेतिकडे. दहा डिग्री मागे आलात तर चार-पाच टक्के. दोन डिग्रीला जो फरक पडतो तो डायनोच्या रीडिंगमध्येही मुश्किलीने सापडतो, रस्त्यावर चालवणाऱ्याला तर कळणं शक्यच नाही. पण त्याच पट्ट्यात नॉक्सचा, म्हणजे नायट्रोजनच्या ऑक्साइडचा ग्राफ सपाट होत नाही. तो चढतच असतो. टॉर्क माथ्यावर येऊन थांबला तरी नॉक्स थांबत नाही, माथा ओलांडून ॲडव्हान्स केलं तरी वाढतो. मला या दोन रेषा पहिल्यांदा एकावर एक दिसल्या तेव्हापासून टायमिंगकडे बघायची माझी नजरच बदलली. शेवटच्या दोन-तीन डिग्रीत चालवणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि हवेला मात्र त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागते.

असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे, मला तरी हा या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. हवेतला नायट्रोजन हा फार घट्ट बांधलेला रेणू, तो सहजासहजी कशाशी जुळत नाही. पण तापमान साधारण १८०० केल्विनच्या वर गेलं की ऑक्सिजनचे सुटे अणू त्याला फोडायला लागतात आणि नायट्रिक ऑक्साइड बनतो. ही साखळी रशियन शास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात मांडली, आजही तिला त्यांचंच नाव आहे. तिची खोड अशी की तापमान थोडं वाढलं तरी वेग भयंकर वाढतो. आणि सिलिंडरमध्ये सगळ्यात तापतं काय, तर जे सगळ्यात आधी जळलं ते. प्लगजवळचं मिक्श्चर पहिल्यांदा जळतं, जळून गरम झालेलं असतं, आणि मग बाकीचं मिक्श्चर जळताना प्रेशर वाढतं ते या आधीच तापलेल्या वायूला आणखी दाबतं, आणखी तापवतं. ठिणगी जेवढी लवकर तेवढं हे दाबणं पिस्टन वर असताना, छोट्या जागेत होतं. तिथे नायट्रिक ऑक्साइड भराभर बनतो. आणि मग पिस्टन खाली जायला लागतो, वायू इतक्या झपाट्याने थंड होतो की बनलेल्या ऑक्साइडला परत सुटून नायट्रोजन व्हायला वेळच मिळत नाही. जेवढा बनला तेवढा जवळजवळ तसाच बाहेर पडतो. ठिणगी थोडी मागे घेतली की जळण्याचा मोठा भाग पिस्टन खाली जात असताना होतो, जागा मोठी होत असते, शिखराचं तापमान उतरतं आणि ही साखळी मंदावते.

हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं इंधन, त्याची गोष्ट वेगळी. सिलिंडरमध्ये फटी असतात, सगळ्यात महत्त्वाची पिस्टनची कड आणि लायनर यांच्यामधली, वरच्या रिंगच्या वरची. प्रेशर वाढलं की मिक्श्चर त्या फटीत घुसतं, ज्वाळा एवढ्या अरुंद जागेत शिरू शकत नाही, विझते. नंतर प्रेशर उतरलं की ते कोरं मिक्श्चर बाहेर येतं आणि एक्झॉस्टच्या वाटेला लागतं. ॲडव्हान्स जास्त असेल तर शिखराचं प्रेशर जास्त, म्हणून फटीत जास्त घुसतं, आणि ते बाहेर येईपर्यंत आजूबाजूचा वायू बऱ्यापैकी थंड झालेला असतो, म्हणजे जळायची दुसरी संधी नाही. रिटार्ड केलं की उलट होतं, एक्झॉस्ट गरम असतो आणि बाहेर आलेलं इंधन सिलिंडरच्या शेवटच्या टप्प्यात किंवा मॅनिफोल्डमध्ये जळून जातं. म्हणजे नॉक्सही कमी, हायड्रोकार्बनही कमी. कार्बन मोनॉक्साइड या सगळ्यात जवळजवळ हलत नाही, तो मिक्श्चरवर ठरतो, पेट्रोलला हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण वजनाने १४.७ ला १, त्याच्या खाली इंधन जास्त झालं की तो वाढायला लागतो, टायमिंग काहीही असो.

हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि डोळ्यासमोर बघणं वेगळं. एका मित्राच्या जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीवर आम्ही हे करून बघितलं. इंजिन व्यवस्थित गरम, आयडलिंगला, व्हॅक्युमची नळी काढून तोंड बंद केलेलं, सायलेन्सरमध्ये गॅस ॲनालायझरची नळी. क्रँक पुलीवरची टायमिंगची खूण खडूने पांढरी केलेली होती. टायमिंग लाइटचं बटण दाबलं की ती फिरणारी पुली एकदम थबकल्यासारखी दिसते आणि ती पांढरी रेघ पॉइंटरसमोर किंचित थरथरत उभी राहते. तो थरथराटही बघण्यासारखा असतो, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट किती झिजलाय ते त्यावरून कळतं. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करून डिस्ट्रिब्युटरची बॉडी रोटर फिरतो त्याच दिशेला हळूच फिरवली, म्हणजे रिटार्ड. रेघ सरकली, आणि लगेच इंजिनचा आवाज जाड झाला, आरपीएम उतरला. मित्र म्हणाला, "अरे दमली बघ ती, घे परत पुढे." मी म्हटलं थांब जरा, आणि आयडल स्क्रू थोडा आत फिरवून आरपीएम होता तिथे आणला. ॲनालायझरला वायू पोचायला काही सेकंद लागतात, तेवढा वेळ दोघंही गप्प. मग हायड्रोकार्बनचा पीपीएमचा आकडा उतरायला लागला आणि उतरतच गेला. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा जवळपास तिथेच. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ हात नेला तर मघापेक्षा धग स्पष्ट जास्त.

मित्राला ते पटलं पण त्याचा प्रश्न बरोबर होता, की मग सगळेच रिटार्ड करून का चालवत नाहीत. एक तर आम्ही आयडल स्क्रू आत घेतला त्यातच उत्तर आहे, तेवढंच काम करायला इंजिन आता जास्त हवा आणि जास्त पेट्रोल खात होतं. जी उष्णता क्रँकला फिरवायला हवी होती ती मॅनिफोल्डला तापवत होती. जास्त रिटार्डवर गाडी चालवली की मॅनिफोल्ड अंधारात लाल दिसतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, रेडिएटरवर ताण येतो, आणि पेट्रोल जास्त लागलं म्हणजे कार्बन डायऑक्साइडही त्याच प्रमाणात जास्त. आणखी ओढलं तर जळणंच अर्धवट राहायला लागतं, मिसिंग सुरू होतं आणि मघाशी उतरलेले हायड्रोकार्बन एकदम वर उसळतात. म्हणून "रिटार्ड म्हणजे स्वच्छ" असं सरसकट म्हणणारा माणूसही मला पटत नाही. आणि दुसरं असं की आमच्या त्या ॲनालायझरवर चार वायू दिसत होते, त्यात नॉक्स नव्हताच. आयडलिंगला तसाही तो कमीच बनतो, इंजिनावर भार नसतो. तो बनतो चढावर, ओव्हरटेक करताना, भरल्या गाडीत, म्हणजे नेमका तिथे जिथे कुणी नळी घालून उभं नसतं.

या ठिणगीचा इतिहास बघितला तर प्रत्येक वेळी हीच ओढाताण दिसते. अगदी सुरुवातीला टायमिंग ड्रायव्हरच्या हातात होतं. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये स्टिअरिंगखाली डावीकडे स्पार्कचा दांडा आणि उजवीकडे थ्रॉटलचा. हँडल मारून गाडी सुरू करताना तो दांडा विसरून ॲडव्हान्सला राहिला तर पिस्टन वर यायच्या आतच प्रेशर तयार व्हायचं, इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल धरलेल्याचं मनगट मोडायचं. चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी १९१० च्या सुमारास बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची (पॉइंट म्हणजे उघडले की कॉइलचा करंट तोडून ठिणगी पाडणारे संपर्क) इग्निशन आणली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला त्यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर. मनगटं वाचली. पण इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढायला लागलं तसं नॉकिंग ऐकू यायला लागलं, आणि लोकांनी आधी आळ घेतला तो केटरिंगच्या इग्निशनवरच. खरं कारण आत होतं. ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं उरलेलं मिक्श्चर दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, तो तो टणटण आवाज. ठिणगी जितकी लवकर तितका त्या कोपऱ्यावर दाब जास्त, म्हणून ॲडव्हान्सची वरची मर्यादा बऱ्याचदा नॉकिंगच ठरवतं.

त्यावर दोन उपाय होते, ठिणगी मागे घ्या किंवा पेट्रोल सुधारा. केटरिंग यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेडचा गुण शोधला, चिमूटभर शिसं घातलं की नॉकिंग गायब. म्हणजे काही डिग्री ॲडव्हान्स आणि थोडं जास्त कॉम्प्रेशन मिळावं म्हणून जगाने आपल्या हवेत शिसं सोडलं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसंवालं पेट्रोल विकणं शेवटच्या देशात, अल्जीरियात, थांबलं ते २०२१ मध्ये. पूर्ण शंभर वर्षं. हे मला जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा टायमिंग ही फक्त ट्यूनरची खासगी आवड आहे असं म्हणवत नाही.

शिशाच्या जोडीला दुसरी गोष्ट चालू होती. लॉस एंजेलिसवर दुपारी जो तपकिरी झाकोळ यायचा, डोळे झोंबायचे, तो कशामुळे ते कुणाला नीट कळत नव्हतं. आरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ तिथे अननसाच्या स्वादावर काम करत होते, त्यांनी तीच उपकरणं शहराच्या हवेकडे वळवली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांमधून आणि रिफायनऱ्यांमधून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन आणि तो झाकोळ तयार होतो. बघा, टायमिंग ज्या दोन गोष्टी हलवतं नेमक्या त्याच दोन. कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलपासून एक्झॉस्टवर नियम आले, आणि कंपन्यांच्या हाताशी सगळ्यात स्वस्त उपाय कोणता तर ठिणगी मागे घेणं. आयडलिंगला रिटार्ड, खालच्या गिअरमध्ये व्हॅक्युम ॲडव्हान्स तोडून टाकणारे स्विच, अशा जोडण्या आल्या. आकडे सुधारले पण गाड्या आळशी आणि खादाड झाल्या, आणि तेवढ्यात १९७३ चं तेलसंकट आलं. स्वच्छ गाडी म्हणजे मरतुकडी गाडी ही समजूत त्या वर्षांत जी बसली ती अजून पुरती गेलेली नाही, आणि मला वाटतं त्या समजुतीने फार नुकसान केलं. कारण १९७५ ला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेत बसवलेले वायू साफ करणारे डबे, आले तेव्हा हायड्रोकार्बन मागच्या मागे जाळता यायला लागले आणि टायमिंग बरंचसं परत पुढे नेता आलं, ॲव्हरेजही सुधारलं. ईजीआर म्हणजे थोडा जळका वायू परत आत घ्यायची युक्तीही तशीच, तो वायू तापमान खाली ठेवतो आणि जळणं सावकाश करतो, मग ॲडव्हान्स वाढवून टॉर्क भरून काढता येतो आणि नॉक्स तरीही खाली राहतो. दोन्ही हातात ठेवण्याचा मार्ग असतो, त्यासाठी काम मात्र करावं लागतं.

आणि काम टाळण्याचाही मार्ग असतो. अमेरिकेत १९९८ मध्ये ट्रकची डिझेल इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्यांबरोबर सरकारने मोठा समझोता केला. डिझेलला ठिणगी नसते पण इंजेक्शनचं टायमिंग असतं आणि त्याचा नॉक्सशी संबंध अगदी तसाच, पुढे घेतलं की डिझेल वाचतं आणि नॉक्स वाढतो, मागे घेतलं की नॉक्स उतरतो पण काजळी वाढते. या इंजिनांचं सॉफ्टवेअर चाचणीत मर्यादेत राहायचं, आणि ट्रक हायवेला एका वेगाने चालायला लागला की डिझेल वाचवण्यासाठी इंजेक्शन बदलायचं. अशी दहा लाखांहून जास्त इंजिनं रस्त्यावर होती. नुसता दंड सुमारे ८.३ कोटी डॉलर, बाकीचा खर्च वेगळा. मला यात सगळ्यात लागतं ते हे, की कुठल्याच ट्रक ड्रायव्हरने तक्रार केली नसणार. करणार कशी, त्याला तर ॲव्हरेज चांगलं मिळत होतं. काही डिग्रीचा तो फरक कॅबिनमध्ये सुखाचाच वाटतो.

आजच्या पेट्रोल गाड्यांमध्ये याच टायमिंगचा एक फार हुशार उपयोग आहे आणि तो कुणालाही कान देऊन ऐकता येतो. थंड गाडी सुरू केली की पहिली काही सेकंदं इंजिन जास्त आरपीएमवर, जरा खरखरीत आवाजात चालतं आणि मग हळूहळू शांत होतं. कन्व्हर्टर साधारण २५०-३०० डिग्री सेल्सिअसला पोचेपर्यंत कामच करत नाही, आणि आजच्या गाडीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनचा मोठा वाटा या सुरुवातीच्या थंड वेळातच बाहेर पडतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुद्दाम ठिणगी खूप मागे घेतो, काही इंजिनांमध्ये तर टॉपच्याही पुढे, म्हणजे पिस्टन खाली निघाल्यावर ठिणगी. काम जवळजवळ वाया, उष्णता सगळी एक्झॉस्टमध्ये, आणि कन्व्हर्टर लवकर तापतो. माझ्या मित्राच्या मॅनिफोल्डजवळ जी धग लागत होती तीच इथे ठरवून वापरलेली. हे माहीत नसलेले लोक तो आवाज आवडत नाही म्हणून रिमॅप करताना, म्हणजे ईसीयूमधले आकडे बदलताना, हा भागच काढून टाकायला सांगतात, आणि काढून देणारेही भेटतात.

कन्व्हर्टर असला की टायमिंगचं एवढं कशाला, असं मला ट्यूनिंग करणाऱ्यांनी विचारलंय. बरोबर आहे, गरम कन्व्हर्टर आणि १४.७ च्या आसपास नीट राखलेलं मिक्श्चर असेल तर इंजिनातून निघालेला बहुतेक नॉक्स तिथे संपतो. पण कन्व्हर्टर म्हातारा होतो, किंवा लोक तो काढूनच टाकतात, जुन्या बाइकला तर तो नसतोच. आणि टर्बो इंजिनांमध्ये उलट बाजूने अडचण येते. बूस्ट, म्हणजे टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढवला की नॉकिंग येतं, ब्लॉकवरचा नॉक सेन्सर ते किलोहर्ट्झमधलं कंपन ऐकतो आणि ईसीयू पुढच्याच काही फेऱ्यांत ठिणगी मागे घेतो. एक्झॉस्ट तापतो, टर्बो आणि कन्व्हर्टर वाचवायला मग पेट्रोल जास्त सोडावं लागतं, आणि जो कार्बन मोनॉक्साइड टायमिंगला ऐकत नाही असं मी वर म्हटलं तो या आडवाटेने वाढतो. एका डब्यातला आकडा हलवला की दुसऱ्या कोपऱ्यात काय होईल ते बघितल्याशिवाय ट्यूनिंग पूर्ण झालं असं म्हणताच येत नाही.

पॉइंटवाल्या जुन्या इंजिनांबद्दल एक गोष्ट सांगतोच. पॉइंटचा फायबरचा टेकू कॅमवर घासून झिजतो, गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे सरकत जातं. गाडी हळूहळू मंद होत जाते, एवढी हळू की रोज चालवणाऱ्याला कळत नाही. मग कुणीतरी गॅप नीट करतो, टायमिंग जागेवर येतं, गाडी एकदम उडायला लागते, आणि त्या आनंदात अजून थोडं पुढे घेऊ या असं वाटतं. ती जी अजून थोडं पुढे घ्यायची इच्छा असते तिथे मी आता थांबतो. इंजिन तिथे आणखी काहीच देत नसतं, हे एकदा ग्राफवर बघितलं की हात आपोआप आवरतो.

माझ्या स्वतःच्या गाडीचं ट्यूनिंग करताना मी हेच धरून बसलो. प्रोग्रॅम करता येणारी इग्निशन आहे, आरपीएम आणि लोडचा तक्ता, प्रत्येक चौकटीत एक आकडा. डायनोवर टॉर्क वाढायचा थांबेपर्यंत ठिणगी पुढे घ्यायची आणि तिथेच ठेवून पुढच्या चौकटीला जायचं अशी ट्यूनरची सवय. मी त्याला म्हटलं, दादा, आता परत मागे या, टॉर्क पडायला लागल्याचं पहिल्यांदा दिसेल तिथपर्यंत. त्याने जरा नाखुशीने केलं. बऱ्याच चौकटींत तीन डिग्री मागे येईपर्यंत रेषा हललीच नाही, आधीच्या रनवर नवीन रन ठेवला तर दोन रेषा एकमेकीवर अशा बसल्या की रंग वेगळे नसते तर एकच वाटली असती. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता, मग स्वतःच पुढच्या चौकटी तशा करायला लागला, मला सांगावं लागलं नाही. नॉकिंगपासूनही तेवढंच अंतर मिळालं, उन्हाळ्यात किंवा हलकं पेट्रोल मिळालं तर ते उपयोगी पडणार.

हे सगळं फुल थ्रॉटलचं झालं, कारण डायनोवर आलं की सगळ्यांना फुल थ्रॉटलच बघायचं असतं. पण गाडी जगते ती अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर, दोन ते तीन हजार आरपीएमच्या मधल्या त्या चौकटींमध्ये, आणि तिथे आमच्या तक्त्यात अजून जुने, सढळ हाताने टाकलेले ॲडव्हान्सचे आकडे बसलेत. पुढच्या वेळी लोड स्थिर धरून त्या एकेक चौकटीतून जायचंय, आणि पाच वायू मोजणारा, नॉक्स दाखवणारा ॲनालायझर मिळतोय का ते मी आत्तापासून विचारून ठेवलंय.